शाळेच्या दप्तरातलं इन्सुलिन : मुलांचे आजार, औषधं आणि शाळा

सोनचाफा

माझी मुलगी तिसरीत आहे, नाशिकला. दीड वर्षापूर्वी, पहिलीची परीक्षा तोंडावर असताना, तिला टाईप वन मधुमेह असल्याचं कळलं. पंधरा दिवस ती सारखी पाणी पीत होती, रात्री चार-चारदा लघवीला उठत होती, फ्रॉक अंगावर सैल होत चालला होता. मार्चचं ऊन आहे, असं आम्ही धरून चाललो. मग एका पहाटे उलट्या आणि धाप सुरू झाली, आणि पुढचे पाच दिवस अतिदक्षता विभागात गेले.

तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं आणि पाच-सहा वेळा बोट टोचून साखर बघणं. घरी हे अंगवळणी पडलं, शाळेत नाही पडलं. म्हणून चर्चेसाठी हा धागा.

पहिल्यांदा शाळेत सांगायला गेलो तेव्हा "पूर्ण बरी झाली की पाठवा" असं उत्तर मिळालं. हा आजार बरा होत नाही, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तिच्या शरीरानेच मारल्यात, आता ते जन्मभर बाहेरून द्यायचं, आणि हे गोड खाल्ल्यामुळे झालेलं नाही, हे मी त्या खोलीत तीनदा सांगितलं. शेवटी आईने शाळेत थांबायचं या अटीवर तिला घेतलं. मी नोकरी सोडली आणि तीन महिने जिन्याखालच्या बाकावर बसून काढले. दुसरीच्या बाई समजूतदार निघाल्या, त्यांनी सगळं शिकून घेतलं आणि वर्ष नीट गेलं.

यंदा बाई बदलल्या. गेल्या महिन्यात पीटीच्या तासाला मुलीने सांगितलं, "मला कसंतरी होतंय, डबा खाऊ का?" त्या दिवशी दुसरे सर होते. "मधली सुट्टी होऊ दे," म्हणाले. ती तशीच उन्हात धावली. पाच मिनिटांनी मैदानाच्या कडेला घामाने निथळत बसली, बोलणं अडखळायला लागलं. तिच्या मैत्रिणीला माहीत होतं. आठ वर्षांची ती पोर वर्गात पळत गेली, दप्तरातून ग्लुकोजची डबी आणली आणि हिच्या तोंडात ग्लुकोज घातलं. मला फोन आला तेव्हा मीटरवर साखर ४८ होती. इन्सुलिन घेतल्यावर खाणं मागे पडलं की ती अशी धोक्याची खाली जाते.

सरांनी मुद्दाम केलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण माझ्या लेकीचा जीव आठ वर्षांच्या मुलीच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होता, हे मला रात्री झोपू देत नाही. दमा, फिट, ॲलर्जी, सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांचे पालक इथे असतील, शिक्षकही असतील. तुम्ही शाळेत हे कसं बसवलंत? पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची वेळ घेतली आहे.

रानवारा

वाचून अंगावर काटा आला. आमच्या मुलाला दमा आहे, पाचवीत, पिंपरीत. शाळेने त्याचा निळा पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला होता, "दुसरी मुलं खेळतील" म्हणून. किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क जेवायला घरी जायचे. दम लागल्यावर किल्ली शोधायला वेळ नसतो हो. शेवटी आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, "पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) मुलाच्या दप्तरातच राहील." तो कागद दिल्यावर वाद मिटला. दुसरा पंप आम्ही वर्गशिक्षिकेच्या टेबलात ठेवलाय. दर महिन्याला दोन्ही हलवून, मारून बघतो, कारण ऐनवेळी रिकामा निघालेला पंप एकदा अनुभवलाय.

आणि "पंपाची सवय लागते" हे कृपया कुणी मुलासमोर बोलू नका. त्याच्या एका सरांच्या तोंडून हे ऐकल्यावर तो पंधरा दिवस पंप न घेता पायऱ्या चढत होता.

खडू-फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कराडजवळ. ताई, तुमच्या जागी मी असते तर मलाही झोप आली नसती. पण शिक्षकाच्या बाजूनेही थोडं लिहिते, राग मानू नका.

आमची शाळा दोन शिक्षकी, चार इयत्ता, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, त्यात निवडणुकीची कामं. आम्हाला भीती वाटते ती कामाची नाही. चुकून जास्त इन्सुलिन टोचलं गेलं, चुकीची गोळी दिली, तर उत्तर कोण देणार, याची. कसलंही प्रशिक्षण नाही आणि हातात कागद नाही. पालक सकाळी फाटकातून पुडी देऊन जातात, "बाई, अकराला एवढी गोळी द्या." पुडीवर नाव नाही, किती द्यायची ते नाही. एका वर्गात दोन सार्थक असले की काय होईल, विचार करा.

म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे. औषध मूळ वेष्टनात, त्यावर मुलाचं नाव, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पालकांची सही. एवढं असेल तर मी देते, दिल्यावर वहीत वेळ लिहून सही करते. नसेल तर फोन लावते आणि पालकांना बोलावते. तापाची गोळी असली तरी माझ्या मनाने देत नाही.

माझ्या वर्गात टाईप वनचा एक मुलगा होता. त्याचं इन्सुलिन जेवणाआधी पंधरा मिनिटं द्यायचं होतं. पहिल्याच आठवड्यात इंजेक्शन झालं आणि खिचडी शिजायला उशीर झाला. गॅस संपला होता. त्याचा चेहरा पांढरा पडलेला अजून आठवतो. तेव्हापासून आमचं ठरलं, ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिनचं पेन (पेनसारखं इंजेक्शन) बाहेर काढायचं नाही. त्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, शाळेत हेच बरं.

एक अनुभवाचं सांगते. शिक्षक बदलून जातात, रजेवर जातात, ट्रेनिंगला जातात. शाळेतल्या मावशी मात्र रोज असतात. मी त्या मुलाचं सगळं मावशींना शिकवलं होतं. तुम्हीही शिकवा.

पेन आणि पट्टी

मी २६ वर्षांचा आहे, नवव्या वर्षापासून टाईप वन. पालकांच्या बाजूने आणि शिक्षकांच्या बाजूने लिहून झालं, मी मुलाच्या बाजूने लिहितो.

आमच्या शाळेने सगळं "सांभाळून घेतलं" होतं. म्हणजे इंजेक्शन मी टॉयलेटमध्ये जाऊन घ्यायचो, "बाकीची मुलं घाबरतात" म्हणून. सहावीपासून दहावीपर्यंत. एका हाताने दार धरायचं कारण कडी तुटलेली, पेनची टोपी दातात, पोटाला सुई. साबण नव्हता. डबा खायच्या आधी मी पाच वर्षं त्या वासात उभा राहिलो. मग हळूहळू मी दुपारचं इंजेक्शन टाळायला लागलो आणि घरी खोटे आकडे लिहायला लागलो. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी होते, तिने भांडं फोडलं. आईला वाटलं, मी चोरून गोड खातो. मी काहीच चोरून खात नव्हतो. मला फक्त त्या टॉयलेटमध्ये जायचं नव्हतं.

सोनचाफा ताई, शाळेशी बोलताना ही एक गोष्ट सोडू नका. साखर तपासणं, सुई घेणं, खाणं, हे सगळं तिला तिच्या बाकावर बसून करता आलं पाहिजे. मुलं घाबरत नाहीत, दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. वर्गात शुगर लो झाली तर तिला ऑफिसात पाठवायचं नाही, एकटीला तर मुळीच नाही. जिथे आहे तिथे बसवून तिथेच ग्लुकोज द्यायचं. जिन्यात चक्कर आलेली मी अनुभवली आहे.

आणि पीटी, सहल, गॅदरिंग यांतून "काळजीपोटी" वगळू देऊ नका. मला सातवीत रायगडच्या सहलीला नेलं नाही. वर्षभर सगळे त्या सहलीवर बोलत होते.

कडुलिंब

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वर सगळ्यांनी अनुभवाचं लिहिलंय, मी फक्त वैद्यकीय बाजू जोडतो.

शाळेला दहा पानांची फाईल देऊ नका. ती कपाटात जाते. एक पान द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, मुलाच्या फोटोसकट. त्यावर आजाराचं नाव, या मुलाला त्रास होतो तेव्हा तो कसा दिसतो, तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही, आणि कुणाला फोन करायचा. "कसा दिसतो" हे आईनेच लिहावं. एखादं मूल शुगर उतरली की चिडतं, एखादं गप्प होतं, एखादं उगाच हसायला लागतं. ते पुस्तकात सापडत नाही.

टाईप वनसाठी आकडे असे. ७० च्या खाली म्हणजे लगेच उपचार. मीटर जवळ नसेल आणि लक्षणं दिसत असतील तरी थांबायचं नाही, ग्लुकोज द्यायचं. मोठ्यांना १५ ग्रॅम सांगतात. लहान मुलांना साधारण वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे २७-२८ किलोच्या मुलीला आठ-नऊ ग्रॅम, ग्लुकोज पावडरचे दोन सपाट चहाचे चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा चढते. बिस्किटं नंतर, जेवण लांब असेल तर. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. ग्लुकागॉनचं, म्हणजे अशा वेळी साखर झटकन वाढवणारं इंजेक्शन सगळ्या दुकानांत मिळत नाही. मिळालं तर शाळेत एक ठेवावं आणि कुणीतरी ते वापरायला शिकावं.

उलट साखर खूप वाढली की मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं. त्याला अडवू नये. सोबत उलट्या किंवा पोटदुखी असेल तर घरी नाही, थेट दवाखान्यात.

साध्या आजारांबद्दल एक. सर्दी-तापाची बहुतेक औषधं शाळेत द्यायची वेळच येऊ नये. दिवसातून तीनदा द्यायचं औषध शाळेआधी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना बसतं. नाही बसलं तर डॉक्टरांना विचारा, दोनदा द्यायचं औषध पुष्कळदा मिळतं. ॲन्टिबायोटिकच्या काही पातळ औषधांना पाणी घातल्यावर फ्रीज लागतो, ती बाटली दप्तरात पाठवू नका. आणि ताप असलेलं मूल गोळी देऊन शाळेत पाठवू नका. पालकांची अडचण मला कळते, पण चार तासांनी ताप पुन्हा चढतो, तेव्हा ते वर्गात असतं.

अबोली

माझ्या मुलाला फिट येते. कोल्हापूर, सातवी. रोजचं औषध सकाळ-संध्याकाळ घरीच असतं, त्यामुळे शाळेत रोज द्यायचं काही नाही. शाळेत काय करायचं नाही हेच आम्हाला शिकवायला लागलं. पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल नाकाला लावली, एका सरांनी जीभ चावू नये म्हणून दातात चमचा घातला. समोरचा अर्धा दात गेला. प्रेमानेच केलं सगळ्यांनी.

आता वर्गाच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, शर्टाचं वरचं बटण सोडा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे, किती ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि १०८. घड्याळ बघायचं काम आम्ही मॉनिटरला दिलंय. नाहीतर घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा वाटतात.

फिट थांबल्यावर त्याची चड्डी कधी कधी ओली असते. दप्तरात एक जोड ठेवते आणि बाईंना सांगितलंय, आधी मुलांना बाहेर काढा. त्याला फिटीपेक्षा त्याचीच जास्त धास्ती असते.

मोहफूल

गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत आहे. आमच्याकडे हा विषय वेगळा, कारण आईबाप पन्नास-साठ किलोमीटरवर, फोनला रेंज नाही. शाळा हेच घर.

आमच्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज, न चुकता, ती अधीक्षिका देतात. पण गोळीइतकंच पाणी महत्त्वाचं. पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार दमले, ताप आला, की हातापायांत असह्य कळा येतात. म्हणून वर्गात या मुलांच्या बाकावर पाण्याची बाटली असते आणि लघवीला जायला विचारावं लागत नाही. या मुलांना लघवी जास्त होते, रात्री अंथरूणही ओलं होतं. पूर्वी त्यावरून मार खायची. थंडीच्या पहाटे गार पाण्याने आंघोळ आम्ही त्यांच्यापुरती बंद केली. ताप आला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

शिक्षकांसाठी एक मुद्दाम लिहितो. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रक्त कमी दिसतं म्हणून आपण उलट आग्रहाने देतो. पण त्यांचं रक्त कमी असण्याचं कारण बहुधा लोह नसतं, आणि ज्यांना वरचेवर रक्त चढवतात त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं.

पालकांना हेही माहीत असू द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या.

सोनचाफा

मोहफूल, टाईप वन त्या यादीत नाही, ही आमची अडचण. शाळेला दाखवायला कायद्याचा कागद हातात नसतो.

पेन आणि पट्टी

कायदा नसला तरी कागद आहेत. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेत टाईप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाण्याची बाटली आत न्यायची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं आणि त्यानंतर उत्तर प्रदेशने आदेश काढला की या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी खाऊ द्यावं. आपल्याकडच्या शाळेला तो बंधनकारक नाही, पण मुख्याध्यापकांसमोर ठेवायला उपयोगी पडतो. नागपूरला ड्रीम ट्रस्ट आणि संभाजीनगरला उडान या संस्था टाईप वनच्या मुलांसाठी काम करतात, त्यांच्याशीही बोला.

टेम्सकाठ

लंडनहून. आमच्या मुलीला शेंगदाण्याची जबर ॲलर्जी आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी मुलांना शाळेत आधार देणं ही सरकारी शाळांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी केली आहे. प्रत्येक मुलाची आरोग्य-योजना पालक, शाळा आणि नर्स मिळून लिहितात. ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना ॲड्रेनॅलिनची (जबर ॲलर्जी उठली की टोचायची) जादा पेनं स्वतः विकत घेऊन ठेवता येतात, दम्याचे पंप त्याच्याही आधीपासून. एवढं असूनही दर सप्टेंबरला नव्या शिक्षिकेला मी स्वतः भेटते आणि डेमो पेन तिच्या हातात देऊन तिच्याच मांडीवर दाबायला लावते. वाचलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं. सुट्टीत साताऱ्याला आलो की माझी सगळ्यात मोठी लढाई कुटाची असते, कूट नाही अशी भाजी सापडणं कठीण. आजी प्रेमाने "इतकंसं" भरवायला जाते.

आंबेमोहोर

अकोल्याहून विचारते. मुलगा टाईप वन, शाळेत फ्रीज नाही, एप्रिलमध्ये पारा ४४ ला जातो. पेन दप्तरात कसं ठेवायचं?

कडुलिंब

वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आतच. अकोल्याच्या एप्रिलमध्ये दप्तरात नाही. शाळेत मातीची दोन मडकी ठेवा. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, लहान मडक्यात कोरड्या डबीत पेन, वर ओलं फडकं, आणि सावलीत. येता-जाताना गार पाण्यात भिजवलेल्या कापडी पाकिटात. बर्फाला पेन थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वाहनाच्या डिकीत तर कधीच नाही.

सोनचाफा

आज मुख्याध्यापकांना भेटून आले. तुमच्यामुळे भांडायला नाही, कागद घेऊन गेले.

एक पान नेलं होतं, फोटोसकट. "शुगर उतरली की ती चिडत नाही, रडत नाही. अक्षर वाकडं येतं आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते", हे पहिल्यांदाच लिहून काढलं. लिहिताना जाणवलं, हे मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी, माझी सही, उत्तर प्रदेशच्या आदेशाची प्रत. खडू-फळा, तुमचं म्हणणं त्यांच्याही मनात होतंच, "आमच्या हातून चुकलं तर?" मी लिहून दिलं की इन्सुलिनचा डोस शाळेने ठरवायचा नाही. आकडा मला फोनवर सांगायचा, किती ते मी सांगेन, टोचेल ती स्वतः, शेजारी मोठं माणूस फक्त पेनवरचा आकडा बघेल. त्यावर मुख्याध्यापिका बऱ्याच सैल झाल्या. ग्लुकोज मात्र कुणालाही न विचारता द्यायचं, ते ठरलं.

ग्लुकोजच्या चार डब्या केल्या. दप्तरात, वर्गात, पीटीच्या सरांच्या शिट्टीच्या पेटीत आणि व्हॅनवाल्या काकांकडे. पीटीचे सर स्वतःहून आले. त्या दिवशीचं त्यांनाही लागलं होतं. धावायच्या आधी तपासायचं, आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या १२० च्या खाली असेल तर आधी केळं, मग खेळ. शाळेतल्या मोबाईलबंदीमुळे सेन्सरचा (अंगाला चिकटवून मोबाईलवर साखर दाखवणारा) प्रश्न अजून सुटलेला नाही, तूर्त मीटरच.

टॉयलेटचं मी स्पष्ट बोलले. ती बाकावरच टोचेल. वर्गशिक्षिकेने पोरांना दहा मिनिटं मीटर दाखवू दिलं. एका मुलाने विचारलं, "हिने शाळेच्या बोर्डवर लिहिलंय तेवढी साखर खाल्ली का?" २०२५ मध्ये सीबीएसई शाळांत साखरेचे फलक लागले ना, त्यावर किती साखर खावी ते लिहिलंय, त्यावरून. फलक चांगलाच आहे, पण त्यातला मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, पूर्वी मुख्यतः मोठ्यांना व्हायचा आणि आता मुलांतही दिसतो तो. बाईंनी तिथल्या तिथे समजावलं, "हिच्या पोटातला इन्सुलिनचा कारखाना बंद पडलाय, म्हणून ते बाहेरून आणावं लागतं." मला याहून बरं सांगता आलं नसतं.

आणि मावशी. त्यांनी दोनदा स्वतःच्या बोटावर मीटर वापरून बघितलं.

सोनचाफा

धागा वर आणते, एक सांगायचं होतं. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी शाळेतून फोन आला. नंबर बघूनच पाय लटपटले. मावशी होत्या. म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. पोरगी तेच तेच विचारत होती म्हणून बाईंनी हाक मारली. ६४ होती. दोन चमचे दिले, पंधरा मिनिटं शेजारी बसले. आता ९८ आहे. गणिताचा पेपर लिहितेय, बाईंनी वेळ वाढवून दिलाय."